गलांडा : कमी पाण्याचे फूल

दसऱ्याच्या तोरणात झेंडूसोबत लाल-पिवळे फूल असते ना? तो गलांडा. पुस्तकात त्याला गॅलार्डिया म्हणतात.

हे झाड आपल्याकडचे नाही. गुरुजींनी नकाशात दाखवले, ते मूळचे उत्तर अमेरिकेतले. तिथे प्रेअरी नावाची मोठमोठी गवताळ माळराने आहेत. तिथे ते कुणी न लावता आपोआप उगवते. ओक्लाहोमा राज्याने १९८६ साली त्याला आपले राज्य-रानफूल ठरवले.

मागच्या उन्हाळ्यात मी दारापुढे पाच रोपे लावली. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी घातले. पाने पिवळी पडली. मला वाटले, पाणी कमी पडले. मग अजून घातले. तीन रोपे मेली. उपटून पाहिली तर मुळे काळी पडून कुजलेली! तेव्हा गावात टँकर येत होता. आई डोक्यावर हंडे आणायची. ती मला रागावली नाही, पण मलाच फार वाईट वाटले. तिचे पाणी गेले आणि रोपेही गेली.

कुंपणाजवळच्या मुरमात दोन रोपे होती. तिकडे मी फारसा जात नसे. ती मात्र फुलली!

याचे कारण असे. गलांड्याच्या पानांवर बारीक लव असते. तिच्यामुळे पानातला ओलावा कमी उडतो. पण मुळाशी पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात.

लावायची रीत :
१) पाणी न साचणारी, भरपूर उन्हाची जागा निवडा.
२) बी वाफ्यात वरवर पेरा, खोल नको.
३) चार-पाच पाने आली की रोपे एक-दीड फुटावर लावा.
४) मूळ धरेपर्यंत पाणी द्या. नंतर माती सुकली तरच द्या.
५) सुकलेली फुले खुडा, म्हणजे नव्या कळ्या येतात. थोडी फुले बियांसाठी ठेवा.

यंदा मी त्या दोन झाडांचे बी जूनमध्ये पेरले. पाऊस उघडला की भाजी धुतलेले पाणी घातले. हंड्याला हात लावला नाही. दसऱ्याला आईने तोरण केले, त्यात माझी सत्तावीस फुले होती.

बियांची पुडी माझ्याकडे आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मागावे. पालकांनीसुद्धा न्यावे.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी