महाद्वारापाशी थांबलेला संत

पंढरपुरास श्रीविठ्ठल मंदिराच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. त्या पायरीसमोर एक समाधी दिसते. ती संत चोखामेळा यांची होय. ज्या दारातून त्यांना हयातीत आत पाऊल टाकू दिले गेले नाही, त्याच दाराशी आज वारकरी त्यांच्यापुढे मस्तक टेकवितो आणि मग आत जातो. वाचकहो, या विसंगतीचा विचार आपण सर्वांनी करावा, असे आम्हांस वाटते.

चोखोबा चौदाव्या शतकातले. पंढरपुराजवळील मंगळवेढे हे त्यांचे गाव. महार कुळात जन्म झाल्यामुळे गावकुसाबाहेरचे राहणे आणि गावाची हलकी मानलेली कामे त्यांच्या वाट्यास आली. संत नामदेव हे त्यांचे गुरू. त्यांच्या संगतीत चोखोबांची वाणी फुलली. ऊस, नदी, धनुष्य असे खेडुताच्या नित्य परिचयाचे दृष्टांत घेऊन त्यांनी विचारले, की वरचे रूप पाहून आतल्या भावाची पारख कशी व्हावी? त्यांच्या अभंगांत भक्ती आहे, तशीच दूर लोटल्याची व्यथाही आहे.

हे सारे घरच भक्तांचे होते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. बाप देवापाशी करुणा भाकतो. पुत्र मात्र देवासच जाब विचारतो, की असा जन्म देऊन आमचा मान कोठे ठेविलास? एकाच घरातील हे दोन सूर आम्हांस सारखेच मोलाचे वाटतात.

शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांसह चोखोबाही गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी कथा वारकरी सांगतात.

समाधी दाराशी आली, पण दार बंदच राहिले. पुढे सहाशे वर्षांहून अधिक काळ गेला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कोठे ते मंदिर दलितांस खुले झाले. पुढल्याच वर्षी, १९४८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला.

चोखोबा फार सोशिक होते, त्यांनी बंड केले नाही, असे काही जण म्हणतात. त्या बोलण्यात तथ्य आहे. परंतु ज्याला बोलण्याचाच अधिकार नाकारला होता, त्याने आपले दुःख शब्दांत मांडून ठेविले, हे काय थोडे झाले?

संतांच्या समाधीस हार घालणे सोपे असते. जिवंत शेजाऱ्यास ओसरीवर बसवून आपल्याच पेल्यातून पाणी देणे अवघड जाते. आपण ख्रिस्ती घरांतली माणसे. तरी सोयरीक जुळविताना वा पंगत मांडताना आपल्यातही जुनी जात डोके वर काढते, हे आम्ही पाहिले आहे. आपल्या उंबऱ्याबाहेर आज कोणी चोखोबा तिष्ठत उभा तर नाही ना, एवढे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.