पदवीचे आश्वासन आणि साडेसतरा वर्षांचा सैनिक

वाराणसी : कार्तिक महिन्यात दशाश्वमेध घाटावर उंच वेळूंच्या टोकांना आकाशदिवे टांगले जातात. १९९९ च्या कारगिल युद्धापासून गंगा सेवा निधी ही संस्था हे दिवे हुतात्मा सैनिकांच्या स्मरणार्थ लावते. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या घाटावर, धारातीर्थी पडलेल्या सैनिकाचा सन्मान करण्याबाबत दुमत नाही. सैन्यात येण्यापूर्वी त्याला कोणते आश्वासन द्यावे, हा प्रश्न मात्र वादाचा आहे. याच शहरात १७ जून २०२२ रोजी अग्निपथ योजनेविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले होते आणि बसगाड्यांची तोडफोड झाली होती.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या या योजनेच्या मूळ घोषणेत वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षे होती; तरुणांना चार वर्षांसाठी घेतले जाते. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केले जाते. उर्वरितांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळतो. त्यातील निम्मी मूळ रक्कम त्यांच्याच वेतनातून कापलेली असते. निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम प्रामुख्याने शिक्षणाकडे सोपविण्यात आले. त्याच आठवड्यात शिक्षण मंत्रालयाने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्यातील निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणातून आणि निम्मे अन्य विषयांतून मिळतात. दहावी उत्तीर्ण अग्निवीरांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीची सोय करण्यात आली.

शिक्षणाचा लाभ देऊन सैनिक मिळविणे नैतिक आहे का, हा वाद भारतापुरता नाही. अमेरिकेने १९४४ मध्ये महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणखर्चाचा कायदा केला. तेव्हा ती कृतज्ञता होती; घेणारे आधीच लढून आले होते. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि तोच लाभ भरतीचे आकर्षण बनला. ज्याच्या घरी शुल्क भरण्याची ऐपत आहे त्याला हे आकर्षण नाही, मग जोखीम गरिबाच्याच वाट्याला येते, ही टीका तिथे तेव्हापासून होत आहे. या टीकेला उत्तर आहे आणि ते हलके नाही. गरीब मुलाला हा मार्ग बंद केल्याने महाविद्यालयाचे दार आपोआप उघडत नाही. त्याच्या हातची एक संधी मात्र जाते.

तरीही दोन लाभांत मोठा फरक आहे. अमेरिकी सैनिक सेवेनंतर, आपल्या पसंतीच्या विद्यापीठात, पूर्ण वेळ शिकू शकतो. अग्निवीराने मात्र चौकी, कवायत आणि सरावातून उरलेल्या वेळात शिकायचे आहे. पदवी खरी आहे. पण नोकरी देणारा तिच्यातील प्रशिक्षणाच्या अर्ध्या भागाला काय किंमत देईल, हे भरतीच्या मैदानावर धावणाऱ्या मुलाला कोण सांगणार?

हा प्रश्न वयामुळे अधिक टोकदार होतो. बालकांच्या सशस्त्र संघर्षातील सहभागाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या पूरक कराराला भारताने २००५ मध्ये मान्यता दिली. अठरा वर्षांखालील भरती खरोखर स्वेच्छेची असावी, पालकांची संमती असावी आणि उमेदवाराला लष्करी कर्तव्यांची पूर्ण माहिती असावी, अशा त्याच्या अटी आहेत. पालकांची स्वाक्षरी घेतली जातेच. पूर्ण माहितीची अट त्याहून कठीण आहे, कारण तिच्यात पदवीबरोबर मृत्यूचीही माहिती येते.

बुलढाणा जिल्ह्यातील अग्निवीर अक्षय लक्ष्मण गवते यांचा ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीन येथे कर्तव्यावर असताना मृत्यू झाला. लष्कराने जाहीर केलेल्या देय रकमांमध्ये ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या मुदतीचे वेतन होते. नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारे कौटुंबिक निवृत्तिवेतन त्यात नव्हते.

जे सुखरूप परततील त्यांच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत २०२२ मध्ये १० टक्के आरक्षण जाहीर झाले होते आणि उत्तर प्रदेश पोलिसांत २० टक्के आरक्षण जाहीर झाले आहे. या जागा प्रामुख्याने पुन्हा गणवेशाच्याच आहेत. पदवीचा कस त्यांच्याबाहेर लागेल. नौदलाच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण नोव्हेंबर २०२२ मध्ये, तर लष्कराच्या पहिल्या तुकडीचे जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या आरंभी भरतात.