पाणी न मागणारी फुलं

एप्रिलमध्ये होस्टेलच्या नळाला जेमतेम तासभर पाणी असतं, आणि समोरच्या लॉनवर मात्र पाइप सोडलेला दिसतो. लॉनशी माझं वैयक्तिक भांडण नाही. पण बाग जगवायला आपली आंघोळ बुडायची गरज नाही, एवढंच मला सांगायचंय!

भर उन्हातल्या जागेसाठी आपल्या दख्खनच्या माळावरचीच बहुवर्षायू फुलझाडं आहेत. बहुवर्षायू म्हणजे एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी. (कॉन्व्हेंटमध्ये आमची फुलं रोझ आणि लिलीवर संपायची, त्यामुळे हा शब्द मलाही नवाच!) मात्र रानात दिसतं ते सगळं देशी नसतं बरं का. घाणेरी आणि गुलबक्षी अमेरिकेतून आल्या, सदाफुली मादागास्करची. अस्सल इथली म्हणजे तरवड, कोरांटी आणि कळलावी.

कळलावी तर डिझाइनचा नमुनाच. जमिनीखालचा कंद ही तिची अंडरग्राउंड टाकी. पावसात वेल वर येते, पानांची स्प्रिंगसारखी वळलेली टोकं आधाराला अडकवत चढते, लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं देते आणि दिवाळीच्या सुमारास वाळून जाते. बिचारी मेली असं समजून लोक पाणी घालत बसतात, आणि मग कंद खरोखरच कुजतो. उन्हाळाभर ती शटडाऊन असते, रिस्टार्ट थेट जूनमध्ये. एक वॉर्निंग: तिचा कंद जहाल विषारी असतो, त्यात कोल्चिसीन असतं. हातमोजे घालून तो दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवून लावायचा. आणि डोंगरावरून उपटून आणायचा नाही, नर्सरीतून घ्यायचा.

कोरांटी काटेरी, पिवळ्या-केशरी फुलांची. पावसाळ्यात फांदी खोचली तरी सहसा जगते. कुंपणाला उत्तम, फक्त क्रिकेटचा बॉल तिच्यात गेला तर जपून!

लागवड पहिल्या पावसानंतर करा, म्हणजे ऑक्टोबर हीटच्या आत मुळं खोल जातात. मातीत मुरूम मिसळा, पाणी साचलं की संपलं. खताचा लाड नको, नुसता पाला माजतो. तरवड-कोरांटीला पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांनी एकदा बुंध्याशी बादलीभर पाणी पुरे. रोज शिंपडलं तर मुळं वरच्या थरातच राहतात, आणि मे महिन्यात सगळ्यात आधी तोच थर भाजून निघतो. बादली ओतली की पाणी खाली उतरतं आणि मुळं त्याच्या मागे जातात. दुसऱ्या वर्षापासून या दोघांना जवळपास पावसाचंच पाणी भागतं.

तरवडाची पिवळी फुलं मला सगळ्यात आवडतात, पण त्याच्या बीचं कवच भलतंच टणक. पॉलिश पेपरवर जरा घासून बी रात्रभर पाण्यात भिजवायचं, मग लवकर रुजतं. शेंगा माळीकाकांकडे आहेत, मेअखेर मागून घ्या. पॉलिश पेपर वर्कशॉपच्या कारपेंट्री सेक्शनमध्ये मिळेल, फक्त सरांना विचारून!