मालपेच्या खडकात मादागास्करचा पत्ता

कर्नाटकात उडुपीजवळच्या मालपे बंदरातून बोटीने गेले, की सेंट मेरीज बेटांवर उभ्या खांबांची रास दिसते. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला तडे गेले आणि हे खांब तयार झाले. पुष्कळदा या खडकाला बेसाल्ट म्हणून सह्याद्रीच्या काळ्या कातळाशी जोडले जाते. ते चूक आहे. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. बेटांवरचा खडक त्याहून जवळपास दोन कोटी वर्षांनी तरी जुना, आणि सिलिका भरपूर असलेला, रायोलाइटच्या जातकुळीचा. त्याचे खरे भाऊबंद आज सुमारे चार हजार किलोमीटर दूर, मादागास्करात आहेत. तिथला मोठा ज्वालामुखी उद्रेक ८.८ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. गोंडवन हा महाखंड तेव्हा फुटत होता, पण भारत आणि मादागास्कर अजून एकमेकांना चिकटून होते.

वय कळते ते झिरकॉन या वाळूच्या कणाएवढ्या स्फटिकावरून. शिलारसात तयार होताना तो युरेनियम सामावून घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. म्हणून नंतर त्यात सापडणारे शिसे हे युरेनियमच्या क्षयातूनच आलेले असते. शिवाय घड्याळे दोन असतात. युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. दोन्हींचा हिशेब जुळला तर वय पक्के.

या बेटांबाबत मात्र वाद झाला. २००० साली प्रसिद्ध झालेले झिरकॉनचे वय ९.१२ कोटी वर्षे होते. पुढच्याच वर्षी आरगॉन वायू मोजून निघालेले वय ८.५६ कोटी. खडकातल्या पोटॅशियमपासून आरगॉन बनतो. खडक झिजला, बदलला की तो निसटतो आणि वय कमी भरते. उलट झिरकॉन एखाद्या जुन्या खडकातून शिलारसात आलेला असू शकतो, मग वय जास्त भरते. फरक ५६ लाख वर्षांचा. वर्षाला पाच सेंटीमीटर सरकणारे भूखंड तेवढ्या काळात २८० किलोमीटर जाते, तेव्हा तो किरकोळ नाही. मादागास्करातल्या उद्रेकाच्या आधी इथला लाव्हा आला की नंतर, हेच त्यावर ठरते.

नुसते वय जुळून भागत नाही. रासायनिक घडण जुळावी लागते. लाव्हा थिजताना त्यातली लोहखनिजे चुंबकीय दिशा धरून ठेवतात, तिच्यावरून त्या वेळचा अक्षांश निघतो. हे सगळे लावून पाहिले, की आणखी जुनी नाती उलगडतात. जोधपूरचा मेहरानगड ज्या खडकावर उभा आहे तो सुमारे ७५ कोटी वर्षांचा, आणि सेशेल्सचा ग्रॅनाइटही जवळपास तेवढ्याच वयाचा. रोडिनिया या गोंडवनाआधीच्या महाखंडाच्या कडेला हे दोन्ही एकाच पट्ट्यात होते, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. सेशेल्सने भारताचा पश्चिम किनारा सोडला तो सह्याद्रीचा लाव्हा ओतून झाल्यावर. तिथल्या सिलुएट बेटावरचे ज्वालामुखीजन्य खडक सुमारे ६.३ कोटी वर्षांचे आहेत.