२४० बाइटांचा कंपायलर

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या एकेका भुजेची लांबी ४ किलोमीटर, मंजूर खर्च २६०० कोटी रुपये. याच जिल्ह्यातल्या शाळेत, संगणक नसला तरी, मुलांना एक संपूर्ण संगणकभाषा जमिनीवर चौकोन आखून चालवता येईल. इतकी लहान भाषा १९९३ पासून आपल्याकडे आहे.

त्या वर्षी वाउटर व्हान ऑर्टमर्सन यांनी अमिगा संगणकासाठी ‘फॉल्स’ ही भाषा केली. तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या आज्ञांची यंत्रभाषा करणारा प्रोग्रॅम, १०२४ बाइटांचा. तो पाहून स्वित्झर्लंडचे उर्बान म्युलर आणखी खाली उतरले. त्यांच्या ‘ब्रेनफक’चा कंपायलर आधी २९६ आणि मग २४० बाइटांत बसला. भाषेचं नाव शिवराळ आहे, म्हणून पुष्कळजण नुसतं ‘बीएफ’ म्हणतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या. म्हणजे तेवढ्या जागेत आपली जेमतेम ८० चिन्हं मावतील.

भाषेत आज्ञा फक्त ८. पहिल्या चौकोनात ३ चिंचोके ठेवा, दुसऱ्यात ४, आणि बोट पहिल्यावर. आता [->+<] चालवा: एक चिंचोका काढा, उजवीकडे सरका, तिथे एक टाका, डावीकडे परत या. बोटाखालचा चौकोन रिकामा होईपर्यंत हेच. शेवटी दुसऱ्यात ७ उरतात. बेरीज म्हणजे काय, हे याहून उघड करून दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

कंपायलर इतका लहान राहतो, कारण बहुतेक आज्ञांना यंत्रभाषेतल्या एकदोन सूचना पुरतात. खरं काम कंसांचं. उघडणारा कंस दिसला की त्याचा पत्ता स्टॅकवर ठेवायचा, बंद होणारा आला की सर्वांत वरचा पत्ता उचलून उडी जोडायची. कंसात कंस कितीही असोत, हिशेब चुकत नाही. दहावीच्या मुलाला हे अथपासून इतिपर्यंत समजू शकतं, आणि म्हणूनच ते शिकवायला हवं.

याला खेळणं समजू नये. इटालियन गणितज्ञ कोराडो बोम यांनी १९६४ मध्ये जवळजवळ हीच रचना मांडली होती. चौकोनांची पट्टी हवी तितकी लांब धरली, तर कुठल्याही संगणकाला जमणारं गणित या भाषेत करता येतं.

आठ चिन्हांखेरीज बाकी सारं कंपायलर सोडून देतो, त्यामुळे प्रोग्रॅममध्येच मराठीत टिपणं लिहिता येतात. मात्र पूर्णविरामाचं टिंब ही छापण्याची आज्ञा आहे, स्वल्पविराम ही वाचण्याची. तेव्हा टिपणात वाक्य संपवताना पोथीतल्यासारखा दंड द्यावा, आणि स्वल्पविराम टाळावा.