लॅव्हेंडर : उन्हाला नव्हे, पावसाला जपा

‘कमी पाण्यावर येणारे झाड’ म्हणून लॅव्हेंडरची रोपे आपल्या धर्मग्रामातील काही घरी आली. ऑगस्ट सरेपर्यंत बहुतेक रोपे वाळली. आमच्या अंगणातील दोन रोपेही त्यांत गेली. पावसाची उघडीप होती, पाने माना टाकू लागली, तेव्हा तहान लागली असे समजून आम्ही आणखी पाणी घातले. शेवटी रोप उपटून पाहिले, तर मुळे कुजलेली !

लॅव्हेंडर मूळचे भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरचे. तेथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्या सुरतेकडे वर्षाचा सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्यात काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि हवाही दमट. हे झाड कोरड सोसते हे खरे. पण ओल सोसत नाही.

तरीही हौस असेल तर पुढीलप्रमाणे करावे :

१. जमिनीत न लावता दहा-बारा इंची मातीच्या कुंडीत लावावे. तळाचे भोक मोकळे असावे.

२. निम्मी जाड रेती व विटांचा चुरा, निम्मा पोयटा घ्यावा. शेणखत मूठभरच.

३. लागवड नोव्हेंबरात करावी. रोज निदान सहा तास ऊन मिळावे.

४. दोन बोटे खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

५. जून लागताच कुंडी ओसरीवर, उजेड व वारा असेल अशा जागी घ्यावी. पागोळ्यांखाली ठेवू नये.

६. फुले संपल्यावर कोवळे शेंडे छाटावेत. जुन्या लाकडापर्यंत कापू नये.

वाळलेल्या फुलांची पुरचुंडी कपड्यांत ठेवल्यास कसर दूर राहते. तेल मात्र पोटात घेऊ नये व मुलांच्या हाती लागू देऊ नये.

जम्मूकडील भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी मक्याऐवजी लॅव्हेंडर लावून चांगले पैसे मिळविले, हे आपण ऐकले असेल. ते खरे आहे. पण तो मुलूख थंड व डोंगराळ आहे. त्यांचे पाहून येथे विघाभर ऊस मोडून लॅव्हेंडर लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. कर्ज आपल्या डोक्यावर राहील.

सुगंधच हवा असेल तर बांधावर वाळा लावावा. तो पाणी साचले तरी तगतो आणि उन्हाळाही काढतो; मुळे माती धरून ठेवतात. पावसाच्या आरंभी फुटवे लावावेत; सुमारे दीड वर्षाने मुळे काढता येतात. त्यांची जुडी माठात टाकावी, पेटीत ठेवावी. कुंपणाला निरगुडी लावली तर जांभळी फुलेही मिळतील, आणि तिचा वाळलेला पाला धान्याच्या कणगीत कामास येईल.

लॅव्हेंडरची एक कुंडी हौसेखातर जरूर ठेवावी. बांध मात्र वाळ्याकडे सोपवावा.