गोळा किती अंशांत सोडायचा?

सडक अर्जुनी काय किंवा आणखी कुठले तालुक्याचे गाव काय, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना गोळाफेक चुकत नाही. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. आणि सल्ला ठरलेला: "45 अंशांत फेक, लांब जाईल."

शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे हे बरोबर, पण तेव्हाच, जेव्हा वस्तू जमिनीवरूनच सुटते. गोळा सुटतो सुमारे 2 मीटर उंचीवरून. सेकंदाला 10 मीटर वेग धरला, तर योग्य कोन 40 अंशांवर येतो. त्यापुढची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. निकोलस लिन्थॉर्न या अभ्यासकाने 2001 मध्ये दाखवून दिले, की कोन वाढवला की गोळ्याचा वेग घटतो. वर ढकलताना वजनाशी झुंजावे लागते, शिवाय आपले खांदे आणि हात पुढे ढकलतानाच जास्त जोर लावू शकतात. म्हणून चांगल्या गोळाफेकपटूंचा कोन बहुधा पस्तिशीच्या आसपास असतो.

कोन चारेक अंशांनी चुकला, तर नुकसान साधारण 10 सेंटिमीटरचे. वेगाचे मात्र तसे नाही. सेकंदाला 9 मीटर वेगाचा गोळा 10 मीटरच्या जरासा पुढे पडतो, 10 मीटर वेगाचा थेट 12 मीटरवर. हा वेग दंडातून कमी आणि पायांतून जास्त येतो: आधी गुडघे, मग कंबर, खांदा आणि सर्वांत शेवटी मनगट. मोबाइलवर बाजूने स्लो मोशन चित्रण केले, की हा क्रम कुठे तुटतो ते लगेच दिसते.